पेन्सिल नको, बोटांना आधी खेळ द्या म्हणतात... म्हणजे नेमकं काय करायचं?

सांजसावली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

लेक पावणेपाच वर्षांची. बोलण्यात कुणाला ऐकायची नाही, पळण्यात तर नाहीच नाही. पण पेन्सिल हातात दिली की अख्खी मूठ आवळून धरते आणि दोन ओळी झाल्या की "हात दुखला" म्हणून पसार. शाळेतल्या बाईंनी बोलावून सांगितलं, "घरी सराव वाढवा, रोज दोन पानं गिरवून घ्या." तीन आठवडे घेतली. परिणाम एवढाच, की आता वही दिसली तरी पलंगाखाली जाऊन बसते.

खरं सांगायचं तर शर्टाची बटणं, जॅकेटची चेन, बुटाचे पट्टे हे सगळं मीच लावून देते. सकाळी कुणाला वेळ असतो? मैत्रीण म्हणाली, लिहिणं सोड, खेळातून बोटं तयार होऊ देत. पण "चिकणमाती दे" यापलीकडे तिलाही सांगता येईना. ज्यांनी केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा ना.

टिवल्याबावल्या

वाचनखूण साठवली. माझ्याकडे अकरा महिन्यांचं ध्यान आहे. त्याचा सध्याचा एकच छंद म्हणजे उंच खुर्चीत बसून हातातलं सगळं खाली टाकणं. मी उचलायचं, त्याने टाकायचं. याला पण कौशल्य म्हणतात का?

खडूफळा

सांजसावली, वही आधी कपाटात ठेवा. मी लहान मुलांच्या वर्गावर बरीच वर्षं आहे. हात तयार नसताना गिरवून घेतलं की मूल लिहायला शिकत नाही, पेन्सिल कशीबशी पेलायला शिकतं. ती मुठीची सवय मग मोडता मोडत नाही.

अक्षर म्हणजे शेवटी उभ्या, आडव्या, तिरक्या रेघा आणि गोल. मुलांना ते साधारण ठरावीक क्रमाने जमतं. दोनच्या पुढेमागे उभी रेघ, मग आडवी, तीनच्या आसपास गोल, चारच्या आसपास अधिकचं चिन्ह, साडेचार-पाचला चौकोन, पाचच्या पुढे त्रिकोण. तिरकी रेघ शेवटी येते, आणि आपण पहिल्याच आठवड्यात तिरक्या रेघांची पानंच्या पानं देतो! तुमच्या लेकीला चौकोन काढता येतो का बघा. वहीत नको, जमिनीवर खडूने.

मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं. त्यांच्या साधनांत लाकडी ठोकळ्यांत बसवायच्या दट्ट्या असतात. चार ठोकळे, प्रत्येकात दहा दट्ट्या, आणि प्रत्येकीला वर चिमटीत मावेल एवढी छोटीशी मूठ. मूल समजतं आपण जाड-बारीक, उंच-बुटकं लावतोय. इकडे ती मूठ धरून धरून तीन बोटांना पेन्सिल धरायचं वळण लागत असतं, आणि पेन्सिलीचं नावही कुणी काढलेलं नसतं. बटणं, बकला, नाड्या लावायच्या चौकटीही त्याच पठडीतल्या.

नेमकंबोल

आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं. लिही म्हटलं की लिहायचो. आता मुलांनी बोट हलवलं तरी त्याला 'फाइन मोटर स्किल' असं नाव द्यायचं.

खडूफळा

@नेमकंबोल, तुमच्या वेळी चड्डीला नाडी होती आणि तिची गाठ सोडवायला कुणी धावून येत नव्हतं. तेच ते स्किल. नाव नंतर मिळालं. :)

हातखंडा

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः जमावीत म्हणून मदत करणारी. लहान मुलांबरोबरच काम करते. प्रतिसाद लांबणार आहे, आधीच माफी.

हाताचं बारीक काम बोटांत सुरू होत नाही, खांद्यात सुरू होतं. पटत नसेल तर एक करून बघा. दोन्ही हात सरळ पुढे लांब करा, कोपर कुठेही टेकू नका आणि सुईत दोरा ओवा. मग कोपरं टेबलावर टेकवून तेच करा. मुलाचा खांदा आणि पाठ अजून डळमळीत असेल, तर तो लिहिताना कायम त्या पहिल्या अवस्थेत असतो. मग बोटं पेन्सिल चालवायचं सोडून तिला लटकून राहतात. "हात दुखला" हे बरेचदा अगदी खरं असतं.

दुसरी गंमत. बोटांच्या आत बोटं वाकवणारे स्नायू नसतातच. मोठे असतात कोपराखालच्या भागात, छोटे असतात तळव्यात, बोटांपर्यंत येतात त्या नुसत्या दोऱ्या. कळसूत्री बाहुलीच म्हणा. डाव्या हाताने उजव्या कोपराच्या जरा खाली पकडा आणि उजवी बोटं उघडझाप करा, आत काय हलतंय ते हाताला कळेल. म्हणून लोंबकळणं, दोरी ओढणं, ओला फडका पिळणं, बादली उचलणं ही सगळी बोटांचीच तयारी.

तर सांजसावली, तुमच्या लेकीसाठी मी सुरुवात उभ्या पृष्ठभागावर करेन. भिंतीवर तिच्या डोळ्यांच्या उंचीवर मोठा कागद चिकटवा, किंवा तिला बादलीभर पाणी आणि रंगकामाचा रुंद ब्रश देऊन बाहेरची भिंत 'रंगवायला' सांगा. उभ्यावर काम करताना मनगट आपोआप मागे वाकतं, आणि मनगट तसं राहिलं की अंगठा आणि बोटं मोकळी होतात. टेबलावर "हात असा ठेव" म्हणून शंभरदा सांगून जे होत नाही, ते भिंत न बोलता करून घेते. हाच कागद टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटवला आणि मूल उताणं झोपून चित्र काढायला लागलं, की खांद्याचाही चांगला घाम निघतो. नाहीतरी ती पलंगाखाली जाऊन बसतेच आहे, तिथेच खडू द्या!

आणि खडू द्यायचा तो तुकडा. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. नवे कोरे लांब खडू मोडताना आईबापांचा जीव वर-खाली होतो, पण मोडा.

टिवल्याबावल्या

अहो, आणि माझं टाकूशास्त्र राहिलं की!

हातखंडा

राहिलं नाही, येतेच होते. :) पकडणं मुलांना जन्मतः येतं. बाळाच्या तळव्यावर बोट ठेवलं की मूठ मिटते, ती प्रतिक्षिप्त क्रिया पहिल्या पाच-सहा महिन्यांत मावळते आणि मग मूल स्वतःच्या मर्जीने धरायला लागतं. सहाच्या आसपास वस्तू या हातातून त्या हातात जाते. नऊ ते बारा महिन्यांत अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमते. पण *सोडणं*, हवं तेव्हा, हवं तिथे, हे त्याहून अवघड आणि उशिराचं. ते पहिल्या वाढदिवसाच्या आसपास जमायला लागतं. तुमचं ध्यान सध्या अभ्यासात आहे. ठोकळ्यावर ठोकळा ठेवणं म्हणजे पुढे हेच, पण हळुवार सोडणं. पंधरा महिन्यांच्या सुमारास दोन ठोकळे, दोन वर्षांना सहाएक, तीनला नऊ-दहा. हे सरासरीचे आकडे आहेत, फूटपट्टी घेऊन बसू नका.

खाली मोठा पत्र्याचा डबा ठेवा. टाकल्यावर आवाज आला की नेम धरायला लागेल.

दोनपोरांचाबाप

आमचा थोरला असाच होता. मला तेव्हा कुणीतरी सांगितलेली एक युक्ती लिहितो, कारण माझा सगळा दृष्टिकोन तिने बदलला.

बटण लावायला शिकवताना आपण पहिल्या पायरीपासून सुरू करतो आणि मूल तिथेच अडकतं. उलटं करायचं. बटण काजातून अर्धं बाहेर मी ढकलायचं, त्याने फक्त पलीकडून ओढायचं. शेवट त्याचा, त्यामुळे "मी लावलं!" पण त्याचंच. आठवड्याने मी बटण काजाच्या तोंडाशी फक्त टेकवून द्यायचो. मग तेही नाही.

शर्ट अंगात नव्हता बरं का, समोर उशीला घातला होता. अंगातलं बटण मुलाला वरून उलटं दिसतं, हनुवटी छातीला टेकते आणि स्वतःचेच हात आड येतात. उशीच्या शर्टाला मोठी, जाड बटणं होती. मला अजून आठवतंय, जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर, डाव्या हाताने काजाची कड धरलेली, उजव्या अंगठ्याने बटण रेटतोय, ते निम्मं जातंय आणि कडेवर उभं राहून परत मागे पडतंय. चार वेळा. मी हात मांडीखाली दाबून बसलो होतो, खोटं नाही सांगत. पाचव्यांदा डाव्या हाताच्या बोटाने पलीकडून ते पकडलं. म्हणजे डावा हात नुसतं धरून ठेवायचं सोडून कामाला लागला. ते त्याला मी शिकवलं नव्हतं, मला शिकवताही आलं नसतं.

सकाळच्या घाईत हे होत नाही हे खरंय. आम्ही रात्री झोपायच्या आधी करायचो. आणि लावण्याआधी काढायला शिकवा, काढणं सोपं असतं.

मोरपंखी

वा, उशीची आयडिया ढापली.

हातखंडा

@दोनपोरांचाबाप, फार नेमकं टिपलंत. एक हात धरतो, दुसरा करतो, ही जोडीच खरी शिकायची असते. कागद फाडणं, मणी ओवणं, बाटलीचं झाकण फिरवणं, कात्रीने कापणं, सगळीकडे तीच. पेन्सिलीच्या मागे लागताना कागद धरणाऱ्या हाताकडे कुणी बघतच नाही.

तुरतुरी

एक शंका. एक चित्र सगळीकडे फिरतंय, लहान मुलाच्या हाताचा एक्स-रे, मनगटात हाडंच नाहीत आणि नुसती पोकळी. "म्हणून सात वर्षांपर्यंत लिहायला लावू नका" असं खाली लिहिलेलं. खरं आहे का?

हातखंडा

एक्स-रे खरा, निष्कर्ष चुकीचा. मनगटात आठ छोटी हाडं असतात, ती जन्मतः कूर्चेची म्हणजे मऊ हाडाची असतात. कूर्चा एक्स-रेत उमटत नाही म्हणून पोकळी दिसते, प्रत्यक्षात पोकळी नसते. पहिली दोन साधारण पहिल्या काही महिन्यांतच टणक व्हायला लागतात, शेवटचं वाटाण्याएवढं हाड नऊ-दहा-बारा वर्षांना. त्या हिशेबाने लिहायला थेट सहावीत सुरुवात करावी लागेल! लवकर गिरवून घेऊ नये याला कारणं भरपूर आहेत, त्यात हे खोटं कारण घालायची गरज नाही.

नेमकंबोल

हे बरं सांगितलंत. आमच्या कुटुंबाच्या गटावर रोज येतो तो एक्स-रे.

डावरा

कात्रीचा विषय निघालाय तर डावखुऱ्यांची कैफियत. आमच्यासारख्यांना शाळेत सगळे 'ढ' समजायचे, कारण कात्रीत कागद कापायच्या ऐवजी दुमडायचा. मोठेपणी कळलं की दोष हाताचा नव्हता. नेहमीची कात्री उजव्या हाताने धरली की बोटांच्या दाबाने दोन्ही पाती एकमेकांना घासतात. तीच डाव्या हाताने धरली की तोच दाब पात्यांना फाकवतो. वर कापायची रेघ पात्याआड लपते. डावखुऱ्यांची खरी कात्री म्हणजे पाती उलट बसवलेली, नुसती मुठीला रबर लावलेली नव्हे. मूल डावरं असेल तर घ्याच. आणि कृपया खडू उजव्या हातात सरकवू नका, आम्ही ते भोगलंय.

सांजसावली

किती छान माहिती! डावरा, आमची उजवीच आहे असं वाटतं, पण कात्री मी कधी दिलीच नाही भीतीने. कुठून सुरू करू?

खडूफळा

बोथट टोकाची द्या, पण धार असू दे. अजिबात न कापणाऱ्या प्लॅस्टिकच्या कात्रीने फक्त संताप शिकता येतो. आधी मातीच्या वळ्या कापायला द्या, मग जाडसर कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या. एका चापात तुकडा पडला पाहिजे. पातळ कागद लवतो, तो नंतर. मग सरळ रेघेवर, मग गोल, गोलात कागद फिरवावा लागतो म्हणून. अंगठा वर, आभाळाकडे. ते लक्षात राहावं म्हणून मी अंगठ्याच्या नखावर डोळे काढते आणि सांगते, "त्याला समोरचं दिसलं पाहिजे." शेजारी बसायचं, कात्री देऊन उठून जायचं नाही, एवढं पथ्य. केस आणि पडदे तुमच्या जबाबदारीवर.

मोरपंखी

मातीवरून आठवलं. घरी मळायची असेल तर दोन वाट्या पीठ, एक वाटी मीठ, लागेल तसं पाणी, चमचाभर तेल. आणि प्ले-डो हे मुळात भिंतीच्या कागदावरची काजळी पुसायला बनवलेलं होतं, खेळणं म्हणून १९५६ मध्ये आलं, हे कळल्यापासून मला ते भिंतीला चिकटलेलं दिसलं तरी राग येत नाही. घरवापसीच ती.

हातखंडा

मिठाचं पीठ मोठ्या मुलांनाच द्या. सगळं तोंडात घालणाऱ्यांना नको, एवढं मीठ पोटात जाणं बरं नाही. आणि मळताना जरा घट्टच मळा. मऊ लोण्यासारख्या मातीत हाताला काही करावंच लागत नाही.

टिवल्याबावल्या

मी आज उत्साहाने मोठे मणी आणि दोरा आणला. ध्यानाला एव्हाना द्यावेत का?

हातखंडा

नको! हे ठळक अक्षरांत लिहायला हवं. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासायला एक छोटं नळकांडं असतं, साधारण ३१.७ मिलिमीटर व्यासाचं. त्यात जे पूर्ण मावतं ते घशात अडकू शकतं. घरी टिश्यूच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी घ्या, ती थोडी मोठी असते, म्हणजे सुरक्षित बाजूलाच राहाल. नळीतून गेलं की बाद. दोरा तर एकट्या बाळाजवळ नकोच. पाण्यात फुगणारे रंगीत मणी घरातच आणू नका, ते पोटात जाऊनही फुगतात. छोटे ताकदवान चुंबकही तसेच. आणि बटणासारखे चपटे सेल गिळले तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते, वाट न बघता लगेच रुग्णालय.

त्याला द्या पुठ्ठ्याचा रिकामा खोका, त्यात कोंबायला आणि ओढून काढायला रुमाल. जमिनीवर चिकटपट्टीचे तुकडे लावा, एक कड उचललेली. ती सोलून काढण्यात अर्धा तास जातो आणि तुम्हाला चहा गरम प्यायला मिळतो. सोललेले तुकडे मात्र मोजून परत घ्या.

तुरतुरी

टॅबवर गिरवायची ॲप्स आहेत ना, मुलं आवडीने करतात. त्याने फरक नाही पडत?

दोनपोरांचाबाप

धाकट्याने टॅबवर सगळी मुळाक्षरं गिरवली. कागदावर पहिलं अक्षर काढताना तर्जनीच कागदावर फिरवली आणि काही उमटलं नाही म्हणून रडला. एवढंच सांगतो.

हातखंडा

काच सगळीकडे सारखीच लागते. जोरात दाबा, हळू दाबा, फरक शून्य, आणि दुसऱ्या हाताला धरायला काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचना सांगतात, दोन वर्षांखाली बसून पडदा बघणं नकोच, दोन ते चारसाठी दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. त्यापुढचं तुमचं तुम्ही ठरवा, मी उपदेश करत नाही, माझ्याही घरी टॅब आहे.

मोरपंखी

पण काळजी कधी करायची हे कुणीतरी लिहा. नाहीतर आम्ही खेळतच बसू.

हातखंडा

बरोबर आहे. वर्षाच्या आतच मूल कायम एकच हात वापरत असेल आणि दुसरी मूठ मिटलेलीच राहत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. त्या वयात उजवं-डावं ठरलेलं नसतं, ते हळूहळू चार ते सहापर्यंत पक्कं होतं. आधी येत असलेली गोष्ट येईनाशी झाली, तर कुठल्याही वयात लगेच दाखवा. वेळेआधी जन्मलेल्या मुलांचं वय दोन वर्षांपर्यंत जन्मतारखेपासून नाही, डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या मूळ तारखेपासून मोजा, उगाच घाबरू नका. आणि पाचच्या पुढेही कपडे, चमचा, चेंडू, कात्री सगळंच जड जात असेल तर तपासून घ्या. शाळेतल्या साधारण पाच-सहा टक्के मुलांमध्ये हालचालींच्या समन्वयाची खरीखुरी अडचण असते. ती आळशी नसतात. त्यांना "सराव कर" म्हणणं म्हणजे चष्मा लागलेल्याला "नीट बघ" म्हणणं.

पेन्सिल तीन बोटांत नाही, चार बोटांत धरली, तर ती अडचण नव्हे. अक्षर आणि वेग तसाच येतो. हात दुखत नाही ना, एवढं बघा.

सांजसावली

मंडळी, सहा आठवड्यांनी परत आले. हातखंडाताईंनी सांगितल्याप्रमाणे तपासूनही घेतलं, विशेष काही नाही म्हणाले.

काय चाललं आणि काय नाही ते लिहिते. मणी ओवणं सपशेल फसलं, दोन मिनिटांत कंटाळली. माती बरी चालली. चिमट्याने कापसाचे गोळे उचलायचा खेळ मी मोठ्या हौसेने मांडला, तिने चिमटा बाजूला ठेवून गोळे हाताने भरले आणि "लवकर झालं" म्हणाली. तर्कात चूक नव्हती.

पण टेबलाखालचा कागद! तिथे तिची गुहा झालीय. उशी, टॉर्च, खडूचे तुकडे आणि 'आत यायचं नाही' असा हुकूम. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटांत हात खाली यायचे. आता गुहेच्या छतावर मासे आहेत, एक घर आहे आणि घराला चौकोनी खिडकी आहे. कोपरे चार, मी मोजले.

दुसरं, नाण्यांचा खेळ तिच्या मामाने काढला. मुठीत पाच नाणी घ्यायची, दुसरा हात पाठीमागे, आणि एकेक नाणं बोटांच्या टोकाशी आणून गल्ल्यात टाकायचं. आधी सगळी सांडायची. आता मामा हरतो, आणि मुद्दाम हरत नाही.

वही अजून कपाटातच आहे. बाईंशी बोलले, त्या म्हणाल्या, बरं, बघू. एवढंही पुष्कळ. बटणं मात्र जमायला लागली. काल बाबाच्या शर्टाची सगळी बटणं तिने लावली, एक घर चुकवून. शर्ट एका बाजूला वर, एका बाजूला खाली. सोडून परत लावू का विचारलं तर म्हणाली, "नको, मी लावलीयेत." गेले तसेच कामाला.

नेमकंबोल

शर्टाचा फोटो टाका.

टिवल्याबावल्या

अभिनंदन लेकीचं! आमच्या ध्यानाचा पत्र्याच्या डब्यातला नेम आता पक्का झालाय. आज माझा फोन टाकला. डब्यात नाही, शेजारच्या पाण्याच्या बादलीत, अगदी हळुवार सोडून.